उरलेली हालचाल

१

दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली आणि सकाळपासून राबणाऱ्या मावशी चपला सरकवून निघाल्या, की घरात दोनच माणसं उरत. एक सर आणि दुसरी त्यांची बायको.

सरांनी छत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. बायकोने जवळपास तेवढीच वर्षं एका मोठ्या इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे उभ्याने काढली होती. आता ती दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून असे आणि मांडीवरचे आपलेच हात कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखे बघत राही. पाच वर्षांत तिला आधी शब्द सोडून गेले, मग माणसं, मग खोल्या. माणसांमध्ये सरांचा नंबर लेकीच्या आधी लागला. हे त्यांना लागलं होतं, पण बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं.

लेक लांबच्या शहरात वकिली करत होती. तिने तिकडे एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ, हवेशीर, चोवीस तास नर्स. "बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे. आई कधी उठते, कुठे जाते, तुम्हाला कळतही नाही. मागच्या वेळी न्हाणीघरात पडली तेव्हा तुम्ही अर्धा तास पेपर वाचत होतात."

"आता कळेल," सर म्हणाले. "मी सोय करतो."

निवृत्तीनंतरचा त्यांचा छंद म्हणजे तारा, त्या जोडायची डाखणी आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक. मावशींच्या मते तो छंद नव्हता, पसारा होता. सरांनी प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात, मधल्या बोळात आणि मागच्या दाराशी हालचाल टिपणारा सेन्सर लावला. खुर्चीच्या उशीखाली दाब ओळखणारी पट्टी घातली. संगणक माळ्यावर ठेवला आणि त्याला सिमकार्डाचं एक खोकं जोडलं, कारण इंटरनेट रुसलं तरी साधा मेसेज जातोच.

अडचण एकच होती. हालचाल कुणाची, हे सेन्सरला कळत नाही. म्हणून सरांनी गळ्यात एक गोल बिल्ला अडकवला. मावशी असेपर्यंत यंत्र बंद. बिल्ला ज्या खोलीत, ती खोली मोजायची नाही. घरातल्या एकूण हालचालीतून स्वतःला वजा करायचं. उरेल ती बायको. आणि उरलं, की सरांच्या व लेकीच्या फोनवर मेसेज: 'आई उठली. स्वयंपाकघर.'

"तीन महिने बघू," लेक म्हणाली. "एकदा जरी चुकलं तर मी येऊन आईला घेऊन जाणार. प्रयोग तुमचा आहे बाबा, पण आई माझी आहे."

२

सव्विसाव्या दिवशी, दुपारी पावणेदोनला, सर बायकोला पेपर वाचून दाखवत होते. तिला कळत नसे, पण आवाज चालू असला की ती हात चोळायची थांबे. पाणीपुरवठ्याची बातमी अर्ध्यावर होती आणि खिशात फोन थरथरला.

'आई उठली. स्वयंपाकघर.'

सरांनी मेसेज वाचला. मग चष्म्यावरून समोर पाहिलं. ती खुर्चीतच होती. डाव्या पायातली सपाता निघाली होती, तेवढाच काय तो बदल.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद. नळ बंद. खिडकीतून उन्हाचा तुकडा ओट्यावर पडलेला. सगळं मावशींनी ठेवलं तसंच. तरी सर दारातच थांबले, आत गेले नाहीत. कुणी कपडे बदलत असावं आणि आपण चुकून दार ढकललं असावं, असं काहीतरी त्यांना वाटलं. असं का वाटावं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

लेकीचा फोन आलाच. "बाबा, आई स्वयंपाकघरात काय करतेय?"

"काही नाही गं. माझ्यासमोर बसलीय."

"मग मेसेज?"

"उन्हाने फसला असेल. नवा आहे तो सेन्सर."

"बाबा, फसणारं यंत्र आणि पेपर वाचणारा नवरा यात फरक काय राहिला?"

वकील ती. सरांनी फोन ठेवून पुन्हा पेपर उचलला.

३

पुढचे आठ दिवस सरांनी तो सेन्सर अक्षरशः सोलून काढला. पडदे ओढून पाहिले. फ्रिज दुपारी बंद ठेवला, त्यावरून मावशींची बोलणी खाल्ली. स्वयंपाकघरातला सेन्सर झोपायच्या खोलीत लावला आणि तिथला इकडे आणला. सेन्सर बिघडलेला असता तर चूक त्याच्याबरोबर खोली बदलून गेली असती. ती गेली नाही. स्वयंपाकघरातच राहिली.

"उंदीर असेल," मावशी म्हणाल्या. "त्याच्या गळ्यात पण बिल्ला बांधा म्हणजे झालं."

"उंदीर ठरलेल्या वेळी येत नाही मावशी."

"आमच्याकडचा यायचा. माझ्या नवऱ्यापेक्षा वक्तशीर."

सर हसले. पण हसताना त्यांच्या लक्षात आलं की 'ठरलेल्या वेळी' हे शब्द आपण न ठरवता बोललो.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीचा नंबर यादीतून काढला. दुरुस्ती होईपर्यंतच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. चुकीच्या मेसेजांवरून बायको हातची जायला नको. लेकीला विचारलं पाहिजे होतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी विचारलं नाही.

४

दोन आठवड्यांच्या नोंदी त्यांनी अभ्यासिकेत बसून चौकटीच्या कागदावर मांडल्या. संगणकावर जमलं असतं, पण हाताने ठिपका काढला की तो आपल्याला कळतो अशी त्यांची जुनी समजूत होती.

वर्गात ते दरवर्षी एक वाक्य हमखास सांगत: वजाबाकी करून जे उरतं ते विस्कळीत असलं पाहिजे, त्यात आकार दिसला, तर समजा की तुम्ही काहीतरी मोजायचं विसरलात. समोरच्या कागदावर आकार होता. पावणेदोनला स्वयंपाकघर. दोन मिनिटांनी मागचं दार. मग पुन्हा स्वयंपाकघर. मग पुन्हा मागचं दार. त्यानंतर मधला बोळ, मिनिटभर. मग काही नाही.

बोळ सोडला, तर प्रत्येक जागा दोनदा.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. औषधं देणाऱ्या माणसाने चिठ्ठी दोनदा वाचायची असते. ती सवय तिने घरीही आणली होती. गॅस बंद केला का, मागच्या दाराची वरची कडी लावली का, सगळं दोनदा. सर चिडवायचे, "गॅसला तुझा विश्वास बसल्याचं एकदा लेखी देऊन टाक." ती म्हणायची, "अहो, एकदा बघितलं ते बघितलं नसतंच." आणि मग ती अभ्यासिकेच्या दाराशी, बोळात, येऊन थांबायची. हा माणूस खरंच पेपर तपासतोय की डुलकी काढतोय, हे बघायला. सरांनी वळून पाहिलं की चोरी पकडल्यासारखी निघून जायची. म्हणून पुढेपुढे ते वळत नसत. पाठीवर तिची नजर घेऊन बसून राहत.

चार वर्षं झाली, ती फेरी बंद पडून.

घड्याळात एक पन्नास झाले होते. बायको दिवाणखान्यात खुर्चीत होती. इथून तिच्या घशातली घरघर ऐकू येत होती. फोन थरथरला.

'आई उठली. मधला बोळ.'

दार त्यांच्या पाठीशी होतं. उघडं. बोळातून हवा येत नव्हती, आवाज येत नव्हता. फक्त मागे, पाच-सहा फुटांवर, खोली जराशी भरल्यासारखी वाटत होती.

सर वळले नाहीत. एक मिनिट झालं. मान अवघडली. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायलाही त्यांनी हात वर नेला नाही.

५

मग त्यांनी स्वतःवर संशय घेतला, कारण शहाण्या माणसाने आधी तेच करायचं असतं. बायकोच्या डॉक्टरांनी तिला दिलेली चाचणी त्यांनी स्वतःच स्वतःची घेतली. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. शंभरातून सात-सात वजा करत या. सगळं बरोबर आलं. पण तिलाही पहिल्या वर्षी सगळं बरोबरच आलं होतं. आणि चुकलेल्या माणसाला आपलं चुकलेलं घड्याळ बरोबरच दिसतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

कुणाला सांगावं? लेकीला सांगितलं तर ती एकाऐवजी दोन खाटा नोंदवील. मावशींना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गल्लीला कळेल.

हळूहळू त्यांचं भ्यायचं राहूनच गेलं. भीतीच्या जागी जे आलं, त्याची त्यांना जास्त लाज वाटायची. ते दुपारची वाट पाहू लागले. जेवण घाईने उरकू लागले. बायकोला भरवताना घास तोंडाशी तसाच राही आणि लक्ष घड्याळाकडे.

"सर, ताई गिळतायत का ते तरी बघा," एकदा मावशींनी झापलं. "तुमचं लक्ष कुठं असतं हल्ली? लग्नाला निघाल्यासारखे दिसता."

आता फेरी वाढत होती. ज्या दिवशी खुर्चीतली बायको आरशातल्या स्वतःला नमस्कार करून बसली, त्या दिवसापासून बोळातली हालचाल दीड मिनिट टिकू लागली. ज्या आठवड्यात तिने चमचा धरायचा सोडला, त्या आठवड्यात झोपायच्या खोलीत, कपाटाच्या कोपऱ्यात, नवी हालचाल सुरू झाली. तिथे ती पूर्वी लोकरीचं काम ठेवायची. इकडून जे जे गळत होतं ते तिकडे जमा होत होतं. सरांनी दोन रांगा शेजारी शेजारी लिहिल्या आणि मग तो कागद टराटरा फाडला. असले निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी नापास केलं असतं.

खुर्ची मात्र त्रास देत होती. बायको सारखी चुळबुळ करी, उशी हले, आणि मेसेज येई: 'आई उठली. खुर्ची.' पुन्हा 'बसली'. पुन्हा 'उठली'. दुपारभरात तीस-चाळीस. त्या गर्दीत पावणेदोनचा मेसेज हरवून जाई. एका सोमवारी सर माळ्यावर चढले आणि त्यांनी प्रोग्रॅमात एक ओळ घातली. खुर्चीचा मेसेज पाठवू नये. दोन दिवसांपुरतं.

त्या दुपारपासून ते पेपर वाचून दाखवायला बसेनासे झाले. अभ्यासिकेत, दाराकडे पाठ करून, बसू लागले.

६

दोन दिवसांचे अकरा झाले. अकराव्या दिवशी, गुरुवारी, एक पंचेचाळीस. सर अभ्यासिकेत कागद पुढे ओढून तयार होते.

'आई उठली. स्वयंपाकघर.' त्यांनी ठिपका काढला.

'आई उठली. मागचं दार.' दुसरा ठिपका. खिडकीबाहेर भंगारवाल्याची हाळी लांब जात होती. सरांना बरं वाटत होतं. आज बोळात ती किती वेळ थांबेल, याचा त्यांनी मनाशी अंदाज बांधला आणि समासात लिहूनही ठेवला: दोन मिनिटं.

मग पुन्हा स्वयंपाकघर यायला हवं होतं.

ते आलं नाही. तीन मिनिटं झाली. सरांनी फोन हलवून पाहिला. पाच झाली. फोनची घंटी मोठी केली. एखाद्या दिवशी उशीर व्हायचाच; प्रत्येक गोष्टीत थोडं कमीजास्त हे असतंच. सात. नऊ. अकराव्या मिनिटाला ते खुर्ची मागे सारून उठले, कारण आत्तापर्यंत एकदाही, पन्नासांहून अधिक दुपारी, स्वयंपाकघर किंवा मागचं दार एकदाच झालं नव्हतं.

एकदाच बघणारी या घरात दुसरी होती, खुर्चीतली.

ते दिवाणखान्यात धावले. म्हणजे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. खुर्ची रिकामी होती. उशीवर खळगा होता. मागच्या दाराची वरची कडी, जी ती कित्येक महिन्यांपूर्वीच विसरून गेली होती, खाली लोंबत होती.

मागच्या गल्लीत खोदकाम चालू होतं. पाइप टाकायला खणलेला चर कमरेएवढा खोल होता. ती त्यात पडली होती, एक पाय भलतीकडेच वळलेला, आणि ओरडत नव्हती. आकाशाकडे बघत, दोन्ही हात एकमेकांवर चोळत होती.

खाली वाकताना सरांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो बघितला. तशाही वेळी बघितला. पुढे कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त हेच छळत राहिलं.

'आई उठली. स्वयंपाकघर.'

७

लेक दुसऱ्या दिवशी पोचली. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळाच्या बोळात बाकावर दोघं शेजारी बसली.  तिला काय विचारायचं आहे ते सरांना आधीच ठाऊक होतं.

"बाबा, मला मेसेज का नाही आला?"

सर गळ्यातल्या बिल्ल्याशी चाळा करत राहिले.

"नंबर काढला होतात माझा?"

त्यांनी मान हलवली.

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

तिने डोळे मिटून घेतले. रागावली असती तर बरं झालं असतं. "आणि तुम्हाला? तुम्हाला तरी आला होता?"

इथे सर खोटं बोलू शकले असते. पण ते 'आला होता' म्हणाले. आला, वाचला आणि त्याचा ठिपका काढला, हे मात्र नाही सांगितलं. तेवढ्यावरच लेक त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, तसं तिने लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी गाडी आली. बायकोला स्ट्रेचरवरून चढवलं. तिने आकाशाकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, सरांच्या शर्टाच्या गुंडीकडे पाहिलं आणि तेवढ्याच रसाने गाडीच्या छताकडे.

"तुम्हीही चला," लेक म्हणाली. आवाज कोरडा होता, पण मनापासून होता. "इथे एकटे काय करणार?"

"थोडं आवरतो. मागाहून येतो."

एकटे हा शब्द त्यांना खोडून काढावासा वाटला होता. 

८

पहिला महिना फेरी घड्याळासारखी चालली. सर कुणाशी बोलत नसत. लेकीचा फोन दर रविवारी येई. आई बरी आहे, खात नाही, हाड जुळत नाही. ते हूं हूं करत आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्वतःच्या तोंडावर पाणी मारत राहत. तिकडे जायला हवं, हे त्यांना रोज पटे. रोज पावणेदोन वाजत आणि ते थांबत.

मग एका मंगळवारी स्वयंपाकघर तीनदा झालं.

सरांनी तिसरा ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बुधवारी दोनदा. शुक्रवारी पाच वेळा. पुढच्या आठवड्यात मागचं दार आधी आणि स्वयंपाकघर नंतर. मग एक दिवस बोळातला मेसेज आलाच नाही. त्याऐवजी अडगळीच्या खोलीत वीस मिनिटं हालचाल होत राहिली, जिथे तिचं कधीच काही काम नसे.

त्यांनी सेन्सर तपासले नाहीत. पडदे ओढले नाहीत. कपाटातून बायकोच्या आजाराची जुनी वही काढली, पहिल्या वर्षाची, जिच्यात तिच्या चुकांच्या तारखा त्यांनीच लिहून ठेवल्या होत्या, आणि नवा कागद तिच्याशेजारी धरला. दोन्हीकडचा उतार एकच होता. फक्त हा जास्त वेगाने खाली येत होता.

तिकडे आता गळायला काही उरलं नव्हतं. गळती इथे लागली होती.

पुन्हा ते सगळं. आणि यावेळी भरवायला तोंड नाही, धरायला हात नाही, दाखवायला डॉक्टर नाही. सर वही मांडीवर घेऊन बसून राहिले. रडू आलं नाही. पहिल्यांदा जे निभावलं नव्हतं ते दुसऱ्यांदा करायचं होतं.

त्यानंतरच्या दुपारी वेळ अशी राहिलीच नाही. मेसेज कधीही येत. दिवाणखाना, अडगळ, दिवाणखाना, न्हाणीघर. जणू कुणी काहीतरी शोधतंय, आणि काय शोधतंय तेच आठवत नाही. एका दुपारी चारच्या सुमाराला सर बोळात उभे होते आणि मेसेज येतच राहिले: 'मागचं दार.' 'मागचं दार.' 'मागचं दार.' मध्ये दुसरी खोली नाही. सरांनी फोन खिशात टाकला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले.

मागच्या दारापाशी ती पाठमोरी उभी होती. किंवा तिथला उजेड तसा उभा होता; पुढे विचार करताना ते एवढंच कबूल करू शकले. खांदे ताठ होते. केस अजून काळे होते. एक हात दाराच्या कडेने वरखाली चालला होता, चाचपत, थांबत, पुन्हा वरून. बिजागरीच्या बाजूने. कडी दुसऱ्या बाजूला होती.

"अगं," सरांच्या तोंडून निघून गेलं, "इकडे. कडी इकडे आहे."

हात थांबला. मान वळली, पुरती नव्हे. गालाची कड दिसली आणि तिच्यावर एक हसू. सभ्य, सावध, थोडं घाबरलेलं. दारात अनोळखी माणूस उभा राहिला, तर त्याने बिथरू नये म्हणून माणूस हसतो, तसं.

अशा वेळी काय करायचं, हे डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. वाद घालायचा नाही. नातं सांगायचं नाही. पुढे जायचं नाही.

सर एक पाऊल मागे सरले. दोन्ही हात दिसतील असे समोर धरले.

"घाबरू नका हं," ते म्हणाले. "मी शेजारीच राहतो. तुमच्या घरचं माणूस येईलच एवढ्यात."